पूर्णेच्या अलीकडे

माझी नात चौदा वर्षांची आहे. जालन्यात क्लासहून यायला तिला जरा उशीर झाला, की सून फोन करते आणि ती वैतागून म्हणते, "मम्मी, किती वेळा विचारशील?" मी ऐकत बसते. तिच्याच वयात माझी थोरली बहीण आमच्यापासून किती लांब होती, ते हिला समजावून सांगता येत नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आम्ही राजूरजवळच्या खेड्यात राहायचो. बहिणीला पूर्णेपलीकडच्या गावात दिली होती. लग्नात ती तेरा वर्षांची होती. सासरी गेलेल्या पोरीची खबर कधी बाजाराला आलेलं माणूस द्यायचं, कधी बांगड्या घेऊन गावोगाव फिरणारी कासारीण. मधल्या काळात ती बरी आहे असंच धरून चालायचं.

भादव्यात कासारीण आली. टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, "तुमची मोठी लई बिमार हाय. ताप उतरंना. जल्दी जा."

"कधी पाह्यलं तू तिला?" आईनं विचारलं.

"मागल्या बाजाराच्या आधी."

आई ओली बाळंतीण होती. वडिलांनी गाडी जुंपली आणि मला सोबत घेतलं, मी दिसले तर थोरलीला बरं वाटेल म्हणून.

दुपारी नदीवर पोचलो, तर पूर आलेला. तेव्हा तिथं पूल नव्हता. पलीकडच्या चढावर बहिणीचं गाव स्पष्ट दिसत होतं. मारुतीचं देऊळ, त्याच्या मागं कुणाच्या तरी परसातली शेवग्याची झाडं. वडील काठावर आलेल्या, नाव चालवणाऱ्या कोळ्याला म्हणाले, "कसं बी करून मला एकट्याला सोड."

"दादा, माझा भाऊ असता तरी न्हाई सोडलं अस्तं. पाणी पाहा न."

पलीकडे एक माणूस गुरं घेऊन उभा होता. वडिलांनी तोंडाशी हात धरून हाका मारल्या, पोरीची खुशाली विचारली. त्यानंही हात हलवून काहीतरी सांगितलं. पाण्याच्या आवाजात एक शब्द कळला नाही. वडील घसा बसेपर्यंत ओरडत राहिले. मग चाकाला टेकून खाली बसले. आईनं दिलेलं भाकरीचं गाठोडं मी सोडलं, त्यांनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर पाणी ओसरलं आणि कोळ्यानं आम्हाला पार केलं. बहिणीच्या दारात बाया बसल्या होत्या. तिला सकाळीच नेलं होतं. सासू वडिलांना म्हणाली, "कालचा सगळा दिवस दाराकडंच पाहून राह्यली होती. गाडी आली का, गाडी आली का, हेच."

निघताना तिची दोन लुगडी वडिलांनी काखेत घेतली. वाटेत मी रडले तेव्हा त्यांनी मला जवळ ओढलं.

घरी आईनं एकच विचारलं, "काही बोलली का?"

"न्हाई," वडील म्हणाले. "झोपेतच गेली."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि बाळाला झोके देऊ लागले.