‘सुनावणी नको’ हे कोणी लिहिलं?

अपमान माझ्या आईचा झाला. सुमन, वय बावन्न. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये भाड्याचा गाळा, पाच शिलाई मशीन. गेल्या दिवाळीच्या आदल्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, बोरिवली पश्चिमेला, एका टॅक्सवाल्या वकिलाच्या एसी केबिनमध्ये.

पहिली पाच मिनिटं तो तिला ‘तुम्ही’ म्हणत होता. मग आडनाव विचारलं. आईने सांगितलं.

“अच्छा. गाव?”

आईने जालन्याकडचं गाव सांगितलं. तिथे ‘तुम्ही’ गेलं, ते परत आलं नाही.

“तुम्हा लोकांना सवलतीची सवय असते, बाई. टॅक्समध्ये सवलत नसते. तू बाहेर बस. कागद पोरीकडे दे.”

आई उठली. बाहेर चपलांच्या रॅकजवळ प्लास्टिकचं स्टूल होतं, त्यावर जाऊन बसली. इस्त्रीची साडी नेसून आली होती. काचेतून मला दिसत होती.

मी खुर्चीतच राहिले. हे लपवणार नाही. मी पत्रकं लिहिते. माहुलच्या वसाहतीत वाटलीत, कांदिवलीच्या नाक्यावर उभी राहून वाटलीत. ‘हक्क’ हा शब्द किती वेळा छापला असेल त्याला गणती नाही. त्या केबिनमध्ये तो माझ्या तोंडातून एकदाही निघाला नाही. आईला आलेल्या जीएसटीच्या नोटिशीला उत्तर द्यायला नऊ दिवस उरले होते आणि मला वकील हवा होता.

प्रकरण साधं आहे. आई मॅक्सी शिवून एका व्यापाऱ्याला देते. जीएसटी नंबर काढ, नाहीतर काम बंद, असं तो म्हणाला म्हणून तिने नंबर काढला. रिटर्न भरायला एक माणूस ठेवला. त्याने वर्षभर एकेक बिल दोनदोनदा चढवलं आणि ऑफिसला कुलूप लावून गायब झाला. म्हणजे आईने न शिवलेल्या कपड्यांचा टॅक्स आईच्या नावावर, वर व्याज, वर दंड. वसुलीची ऑर्डर निघाली आणि पैसे भरले नाहीत की बँकेचं खातं बंद. खातं बंद म्हणजे गाळा बंद. पण प्रत्येक लॉट पोचवल्यावर आई व्यापाऱ्याची सही घेते. खरं किती शिवलं याचा पुरावा असलेलं ते चलनबुक तिच्याकडे होतं. पिशवीत, मांडीवर, त्या स्टुलावर.

वकिलाने ते मागितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात श्वेता आली. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. माझी सायन्सची जर्नल उतरवून पास झालेली श्वेता. आता वडिलांचा पॅकेजिंगचा धंदा बघते. दार न वाजवता आत आली. वकील अर्धा उठला.

“ये बेटा. कॉफी सांगू?”

“काका, थंड काहीतरी.” मग मला बघून, “अगं, तू? इथे?”

गोड हसली. वाईट पोरगी नाही ती, तिथेच तर माझी वाट लागली. वाईट असती तर मला तिचा राग आला असता. राग मला येतो, तो कसा वापरायचा ते माहीत आहे. मला हेवा वाटला. तिने फोन टेबलावर पालथा टाकला त्याचा हेवा. पायावर पाय टाकून मागे रेलली त्याचा. त्या माणसाला ‘काका’ म्हणाली त्याचा. तिलाही तसलीच नोटीस आली होती, आमच्यापेक्षा कितीतरी मोठी, तिनेच सांगितलं. म्हणाली, “पप्पा टेन्शनच घेत नाहीत यार.”

त्या वाक्याचा हेवा सगळ्यात जास्त. माझी आई तीन आठवडे धड जेवली नव्हती. नोटीस तीच, कायदा तोच. पण श्वेताचं ‘मॅटर’ होतं. आमची ‘थकबाकी’ होती.

जाता जाता तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काकांना सांगू का, फी जरा कमी करतील?” वकील हसला. मी पण हसले. ते हसू अजून माझ्या जबड्यात दुखतं.

असिस्टंटने दोन्ही उत्तरं एकदमच छापून आणली. टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एकच फॉर्म. खाली एक रकाना, व्यक्तिगत सुनावणी हवी आहे का. म्हणजे जीएसटीच्या साहेबांसमोर उभं राहून तुम्हाला तुमचं म्हणणं मांडायचंय का. श्वेताच्या कागदावर ‘येस’. आईच्या कागदावर ‘नो’.

मी विचारलं, हे असं का?

“तिच्या पप्पांना कुठे काय बोलायचं ते कळतं. तुझी आई काय बोलणार? कबूल करून टाक, हप्ते बांधून घेऊ. जा, सही घेऊन ये.”

आणि मी गेले. पेन घेऊन गेले. आईसमोर कागद धरला. ती म्हणाली, “आधी वाच. काय लिहिलंय त्यात?”

इंग्रजीचं मराठी करताना मला लपायला जागा उरली नाही. मी म्हटलं, “लिहिलंय की चूक आपली आहे. आणि आपल्याला काही सांगायचं नाही.”

आईने पेनाला टोपण लावलं.

“मला सांगायचंय ना.”

एवढंच. आवाज चढवला नाही. पण आयुष्यभर मी लोकांच्या हातात पत्रकं देत आले, आणि खरं पत्रक माझ्या हातात दिलं ते तिने, त्या स्टुलावरून.

आत जाऊन फाईल उचलली. वकील म्हणाला, दिलेली फी परत मिळणार नाही. मी म्हटलं, “ठेवा. आणि ती ‘बाई’ नाही, तुमची पक्षकार होती. तिला ‘तुम्ही’ म्हणायचं.” फाईल काखेत मारून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी कांदिवलीला झेरॉक्सच्या दुकानामागे बसणारी एक वकीलबाई सापडली. माझ्याच वयाची. एसी नाही, खुर्च्या तीन. म्हणाली, “ताई, बसा. सुरुवातीपासून सांगा.” आई दीड तास बोलली. चलनबुकाचं पानन्‌पान दाखवलं. रकान्यात ‘येस’ पडलं.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. कदाचित हरू. साहेब म्हणेल, नंबर तुमचा, रिटर्न तुमचे, भरा. मग अपील करू. पण आई खुर्चीत बसून बोलेल.

श्वेताचा हेवा अजून आहे. मी तो घालवणार नाही. तिला न मागता मिळतं ते प्रत्येक शिवणाऱ्या बाईला मिळेपर्यंत तो मला लागणार आहे.

आता तुम्ही. तुमच्या घरी अशी नोटीस आली असेल, वकिलाने तयार उत्तर समोर ठेवलं असेल, तर सही करू नका. सुनावणीचा रकाना कुठे आहे, विचारा. त्यावर बोट ठेवायला लावा. तिथे तुमच्या वतीने कोणी ‘नो’ लिहिलं असेल, तर पेनाला टोपण लावा आणि आजच, त्याच्या तोंडावर विचारा, मला काही सांगायचं नाही, हे तुला कोणी सांगितलं?