मोठ्या जावयाची सही

बाबांनी मृत्युपत्र करायचं मनावर घेतलं ते आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी. आम्ही दोघी बहिणीच. मला आमच्या निर्मळ गावातच दिलेली, दोन वाड्या सोडून. धाकटी नवऱ्यासकट बाबांजवळ राहायची. घर आणि मागची वाडी तिला, रस्त्याकडची केळीची पट्टी मला, आणि बाकी जे काही निघेल ते तिला, असं बाबांनी ठरवलं. वाटणी वाईट नव्हती. तरी माझा जळफळाट झाला. बाबांना रोज पेज वाढणार ती, आणि मी रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून पाहुणीसारखी जाणार.

धाकटी म्हणाली, "वसईला कचेरीत नोंदवूनच घेऊ. काही चुकलं तर तिथले लोक सांगतील."

पण नोंदवायची सक्ती नव्हती. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तरी चालतं, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या हिंदू घरात तसंच झालं होतं, आणि सही त्यांच्या जावयाचीच होती. धाकटीचं बोलणं ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे तिच्या नवऱ्याने बाबांना स्कूटरवर बसवून न्यायचं, आणि माझ्या नवऱ्याने घरी बसून राहायचं?

"कागद घरीच करा," मी बाबांना म्हटलं. "मोठ्या जावयाचा मान आहे. पहिली सही यांची." आमच्याकडे साखरपुडा असो की घराचा पाया, मोठ्या जावयाला पुढे केल्याशिवाय काही होत नाही. बाबा हो म्हणाले. दुसरी सही शाळेतल्या मास्तरांची घेतली. माझ्या नवऱ्याने ऐटीत पूर्ण नाव लिहिलं. मी मुद्दाम धाकटीकडे पाहिलं. ती चहा गाळत होती. तिचा चेहरा पडला नाही, याचाही मला राग आला.

बाबा गेल्यावर तो कागद ठाण्याच्या कोर्टात न्यावा लागला. वकिलांनी वाचला आणि पहिल्या सहीवर बोट ठेवून विचारलं, "हे कोण?"

"माझे मिस्टर," मी ताठ मानेने सांगितलं.

"बाई, ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला काही दिलं असेल तर ते रद्द होतं. हिंदूंना हा नियम लागत नाही. कागद खरा आहे, फक्त तुमची पट्टी गेली. ती आता बाकीच्यात, म्हणजे तुमच्या बहिणीकडे."

मी धाकटीकडे बघितलंच नाही. घरी परतताना तीच म्हणाली, "बाय, पट्टी तुझीच. मी बक्षीसपत्र करून देते." आणि महिन्याभरात दिलंही. गावात सगळे तिला मोठ्या मनाची म्हणाले. तशी ती होतीच.

मी पट्टी घेतली. पण तिचा इतका हेवा मला आधी कधी वाटला नव्हता. बाबांनी मला एवढं एकच दिलं होतं, आणि आता कागदावर देणारीचं नाव तिचं होतं.