रझिया मॅडमची टेकडी

रझिया मॅडम माझ्या स्कूटीवर मागे बसून निघायच्या आणि वाटूरच्या अलीकडे एका वळणावर उतरायच्या. "तू इथंच थांब, संगीता. मी येते जाऊन." मग काठी टेकत एकट्याच टेकडीआड दिसेनाशा व्हायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे त्यांच्याच कॉलेजात शिकवू लागले, तरी मला पुढे यायची बंदी. परत येत तेव्हा कुणाच्या तरी घरी पोटभर जेवून आल्यासारख्या दिसत.

जालना जिल्ह्याच्या रानांत हिंडून तिथल्या वनस्पतींचा नीट अभ्यास करणारं त्यांच्याआधी कुणी नव्हतं. इथे कुसळांशिवाय आहे काय, असं लोक म्हणत. मॅडम त्या कुसळांतच वाकून बसत. घरी उर्दू, वर्गात आमची मराठी आणि गवताशी बोलताना दोन्ही. कुणी घाईने चुकीचं नाव सांगितलं की म्हणत, "पहिले बराबर बघ, मंग बोल." मार्कांच्या बाबतीत बाई भलत्याच कंजूष होत्या, पण आमचा त्यांच्यावर फार जीव होता.

तरुणपणी त्यांना एक नवी वनस्पती सापडली. फूल कंदिलासारखं, जमिनीत छोटासा कंद. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी लेखात गाव, टेकडी, सगळं छापलं. पुढच्या पावसाळ्यात बाहेरचे शौकीन आले आणि कुंड्यांत लावायला कंद खणून घेऊन गेले. एकही उरला नाही. पुष्कळ वर्षांनी तीच वनस्पती त्यांना या वाटूरकडच्या टेकडीवर दिसली. या वेळी त्यांनी तोंड शिवून घेतलं. मी आडून आडून विचारलं की उत्तर ठरलेलं, "झाडाचं नाव विचार, पत्ता विचारू नको."

पुढे कॅन्सरमुळे मॅडमनी अंथरूण धरलं. दोन पावसाळे त्यांचं जाणं झालं नाही. शेवटी मला जवळ बसवून त्यांनी उताराची खूण सांगितली. "आता तू सांभाळ."

दुसऱ्या दिवशी गेले. टेकडी अर्धीच उरली होती. रस्त्याच्या कामासाठी खडी क्रशर लागला होता आणि तो उतार मुळासकट गेला होता. जमिनीचे मालक, एक म्हातारे गृहस्थ, माझ्यासाठी पाणी घेऊन आले. मी कशासाठी आले ते ऐकून म्हणाले, "त्या बाई दरसाल येत होत्या. आम्हाला वाटलं, काही नवस असंल. बोलल्या असत्या तर तेवढा तुकडा सोडला असता. आपलं काय गेलं असतं?"

रानातून आल्यावर पाहिलं-ऐकलं ते सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही, ही मॅडमचीच शिकवण. माझी जीभ रेटत नव्हती. पण त्या एकेक विचारत गेल्या आणि मी सांगत गेले, मालकांचं बोलणंसुद्धा.

"म्हंजे माणसं चांगली होती," त्या म्हणाल्या.

मग भिंतीकडे वळल्या. त्याच आठवड्यात गेल्या, माझ्याशी पुन्हा एक शब्दही न बोलता.