भाऊला न जमलेलं रिव्हॉल्व्हर

माझ्या भाऊच्या तेरवीला लोक एवढे हसले काऊन, हे मी चार जणांना विचारलं. चौघंही पत्रावळीत पाहत राहिले.

भाऊ म्हणजे देवाजी मिस्त्री. चंद्रपुरात काकांच्या लायसनवाल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात लोखंडाचं काम त्याचं, दस्त्याच्या लाकडाचं माझं. चार दिवसांच्या तापात गेला. छत्तीस वर्षांचा होता. किस्से कानशीखाली साचणाऱ्या किसासारखे असतात. काम चालू असताना कोणी पाहत नाही. माणूस उठून गेल्यावर झाडायला बसलं की कळतं ढीग केवढा झाला ते.

तर झाडतो.

*

मालगुजार, म्हणजे जुने जमीनदार, आरमोरीकडचे, सत्तरीचे. आजोबांचं इंग्रजी रिव्हॉल्व्हर उशीच्या खोळीत गुंडाळून आणलं. त्याच्या गोळ्या बनणं कधीचंच बंद झालं होतं. "हे आताच्या गोळीवर चाललं पाहिजे," म्हणाले.

मी म्हटलं, त्यात एवढं काय?

"जुन्या गोळीचा मसाला बुडाच्या काठात राहते," भाऊ म्हणाला, "म्हणून याचा घोडा काठावर मारते. नव्या गोळीले मार मधातच लागते."

मी चौथी नापास. माझं तोंड पाहून त्यानं सोपं केलं. "नवरदेवाले टिळा कानावर लावला तं चालन का? जुनी गोळी कानावर लावून घेत होती. नवी म्हणते, कपाळावरच पाहिजे."

मालगुजारांना हसून ठसका लागला. त्यांची बाई वारून तीनच महिने झाले होते, हे आम्हाला मागून कळलं.

*

काम करायला परवानगी हवी. नेमका तेव्हा जिल्हा तुटून दोन झाले होते. दुकान चंद्रपुरात, मालगुजार गडचिरोलीत. इकडचे म्हणत तिकडे जा, तिकडचे म्हणत इकडून आणा. अर्ज वैनगंगा ओलांडून ओलांडून मळका झाला.

शेवटी एका बाबूनं विचारलं, "वस्तू जुनी का नवी?"

भाऊ म्हणाला, "रिव्हॉल्व्हर जुनं, गोळी नवी. अर्ज नवा होता, आता जुना झाला."

बाबूनं शिक्का मारला. परतताना भाऊ म्हणाला, "एवढं तं हे रिव्हॉल्व्हर मालगुजाराच्या आज्यासंग शिकारीतही नसन फिरलं."

*

एटापल्लीकडचा एक शेतकरी पीक राखायची भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, घेऊन आला. म्हणे, डुकरं हिला भीत नाहीत आता.

भाऊनं नळीत गज घातला. अर्ध्यावर अडला. ठोकून ठोकून काढलं तर आतून मातीचं घर निघालं, कुंभारीण माशीचं. चांगलं दोन खोल्यांचं.

"शेवटची कधी झाडली होती?"

"झाडली नाई कधी. खांद्यावर घेऊन बांधावर उभा राहो. पाहूनच पळत."

"मग यंदा काय झालं?"

"यंदा पाहून राह्यले, पन पळून नाई राह्यले."

भाऊ गंभीरपणे म्हणाला, "माशीनं सांगतलं असन त्यायले."

*

मालगुजार दर सोमवारी एसटीनं येत. दर सोमवारी भाऊ रिव्हॉल्व्हर खोलून पुढ्यात ठेवी आणि नवीन तक्रार सांगे. "आज घोडा सासुरवाडीले आल्यावानी वागून राह्यला." पुढच्या वेळी, "स्प्रिंग रुसली." मालगुजार स्टूल ओढत, दोघं त्या स्प्रिंगची समजूत काढत, आणि गप्पा चार वाजताच्या गाडीपर्यंत चालत. अशी दोन वर्षं गेली.

समोरचा पानठेलेवाला रोज टोमणा मारी. "दोन सालात तं हत्तीण वितते, देवाजी. तुले एक पिस्तूल नाई जमत."

एक दिवस माझं डोकं फिरलं. मी त्याच्या चुन्याची डबी नालीत फेकली, कॉलर धरली. भाऊ हातातली कानस ठेवून आला.

"सोड. बरोबरच बोलून राह्यला तो." मग मला म्हणाला, "नवी डबी आणून दे त्याले. चुन्याबगर मले पान कसं देईन?"

मी डबी आणून दिली. पण त्या दिवसापासून एकच हट्ट मनात धरला, की हे रिव्हॉल्व्हर वाजलं पाहिजे आणि त्या पानवाल्याच्या कानात वाजलं पाहिजे.

आणि भाऊ गेला.

*

तेरवीनंतर मी काकांच्या मागेच लागलो. भाऊनं कुठवर आणलं ते पाहा. काकांनी कपाट उघडलं, नव्या सहा गोळ्या घेतल्या, आम्ही चाचणीच्या जागेवर गेलो. मी सागाची फळी उभी केली.

सहाच्या सहा वाजल्या. फळीला सहा भोकं.

मी भोकांत बोट घालून घालून पाहिलं. काकांना मिठी मारली. फळी बगलेत धरली आणि म्हटलं, चला पानठेल्यावर. काका जागचे हलले नाहीत.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "गेल्या होळीलेच झालं होतं हे. माझ्यासमोर वाजवलं त्यानं."

"मग देल्लं काऊन नाई?"

"मीही हेच विचारलं. तं म्हणे, बाई गेल्यापासून त्यायच्या घरी जेवाले हाक मारतेत, तेवढंच बोलणं. रिव्हॉल्व्हर हाती देल्लं तं इथी कायले येतीन?"

त्या दिवशी पानठेल्यावर गेलो नाही. फळी मात्र टाकली नाही. भाऊच्या नावाचा प्रश्न होता.

तेरवीपर्यंत दुकान बंद होतं; उघडल्यावरच्या पहिल्या सोमवारी मालगुजार आले. कोणी सांगितलं नव्हतं, पण बंद दुकान पाहून ओळखलं असावं; अंगात धुतलेला पांढरा सदरा. भाऊच्या रिकाम्या जागेकडे पाहून उभेच राहिले. पानवालाही रस्ता ओलांडून आला होता. फळी माझ्या पायाशी, उलटी ठेवलेली.

"पोरा," मालगुजार म्हणाले, "देवाजीचं काम पुरं झालं होतं का?"

पानवाला माझ्याकडे पाहत होता.

"नाई," मी म्हणालो. "भाऊले नाई जमलं."

पानवाल्यानं मान हलवली, पण टोमणा मारला नाही.

"तुले जमन?"

"पाह्यतो. वेळ लागन."

"किती?"

"दोनेक साल तं लागतीनच."

मालगुजारांनी खूप वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि स्टूल पुढे ओढलं.

"मंग च्या सांग."

मी फळी उचलली, टपरीवर गेलो, दोन कट सांगितले आणि चहावाल्याच्या चुलीत फळी घातली. साग होता. लवकर पेटला नाही.