हळदीआधी परत पाठवलेली धवलारीण

निम्मा रस्ता सरला तरी हौसामावशीची चाल मंदावली नव्हती. पदर नाकापर्यंत ओढून वैशाखाच्या उन्हात ती आपल्या गावाकडे, शेणव्याकडे, अशी तरातरा चालली होती, की तिच्याहून वीस वर्षांनी लहान रेश्माला मागून पळावं लागत होतं.

"मावशी, सावलीला थांबू. डॉक्टरीणबाईंनी ऊन टाळायला सांगितलंय."

"ते मालूला सांग. आणताना जीप पाठवली, हाकलताना पायवाट दाखवली."

मालू म्हणजे नवरीची आई. मुरबाडच्या बाजूला तिच्या दारात आज हळद होती. हौसामावशी धवलारीण. लग्नाचे धवले गायचे, गाण्यातून देवांना आवतण द्यायचं आणि नवरीला पहिली हळद लावायची, हा तिचा मान. काशी नावाच्या मावशीने जात्यापुढे बसवून तिच्याकडून धवले घोकून घेतले होते, त्याला चाळीस वर्षं झाली. एकदा धवला चालू असताना वरबापाने स्पीकर लावला, तर हिने मुसळ आडवं टाकलं आणि तो बंद होईस्तोवर हळद कुटू दिली नाही. मालूच्या लग्नातली हळदसुद्धा हिनेच लावलेली.

दोन वर्षांमागे तिच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले, बोटांचे सांधे सुजले. कोणी बाहेरचं म्हणालं, कोणी आणखी काही. रेश्मा गावची अंगणवाडी सेविका; तीच मावशीला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ल्युपस हे नाव सांगितलं आणि केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. माणूस आणि माकड वेगळे व्हायच्याही आधी काही विषाणू आपल्या पूर्वजांच्या अंगात शिरले आणि त्यांचे तुकडे तिथेच राहिले. आईबापाकडून लेकरात, असे ते आजवर आले. ते कोणाला लागत नाहीत, प्रत्येकाच्या अंगात निपचित पडून असतात. कोणाकोणाच्या अंगात ते जागे होतात. मग शरीराचे राखणदार शत्रू आला समजून उठतात आणि आपलंच घर फोडतात. खात्री नाही, पण या आजारात असं होत असावं, असं शोध घेणाऱ्यांना वाटतंय.

आज सकाळी मालूच्या अंगणात बाया मावशीच्या गालांकडे बघून कुजबुजायला लागल्या. रेश्माला राहवलं नाही. वर्गात बोलावं तशी उभी राहून ती म्हणाली, "घाबरू नका, हा लागट रोग नाही. अंगात फार जुने विषाणू असतात ना, त्यांच्यामुळे..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. करोनाच्या वेळी प्रत्येकीच्या घराने काही ना काही सोसलेलं. बायांनी पोरं मागे ओढली. मालूने हाताला पदर गुंडाळला आणि मावशीच्या पुढ्यातली हळदीची वाटी उचलली.

"मावशी, राग नको मानू. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय."

रेश्मा खाली बसली. कोणीतरी हातात सरबत दिलं, ते तिने पिऊनही टाकलं.

आता करंजाच्या झाडाखाली मावशी थांबली. गाल तापून तांबडेलाल झाले होते.

"तुला कोणी इचारलं होतं गो?"

"मला वाटलं, खरं सांगितलं की..."

"अर्धं सांगितलंस. अर्धं पोटात ठेवलंस."

"कोणी ऐकत नव्हतं, मावशी."

"सरबताला तोंड उघडलं ना तुझं? मालूची बोबडी वळली नाय, तुझीच वळली. आजून चार मांडव हायत माझे या महिन्यात. सांजपर्यंत चारी घरी बातमी जाईल, हौसाच्या अंगात किडे हायत म्हणून. मग मी धवले कोणाला म्हणू? म्हशींना?"

रेश्माला मालूचा राग आला, त्या बायांचा आला, पण सगळ्यांत जास्त रिकाम्या केलेल्या त्या पेल्याचा आला. रोज सकाळी देवापुढे हात जोडून ती म्हणायची, माझ्या हातून कोणाचं वाईट होऊ देऊ नको. काय तोंडाने म्हणायचं उद्या?

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलं ते मला काय कामाचं?" मावशीने पदराने मान पुसली आणि आल्या वाटेकडे तोंड केलं. "हळद सांजची हाय. माझ्यासंगं माघारी चल. जिथं उभी राहून बोललीस तिथंच उभी रहा आन् राहिलेलं बोल. तुझ्यात हाय, मालूत हाय, त्या नवरीत हाय, तिच्या पोटी येईल त्याच्यात पण असेल. कोणी उठून गेलं तरी खाली बसू नको. एवढं करशील माझ्यासाठी?"