इडिओपॅथिकमध्ये स्कूटी येत नाही

"पण झालं कशानं, ते सांगा की मॅडम," आबांनी पुन्हा विचारलं.

मीही पुन्हा तेच उत्तर दिलं. "आबा, कारण माहीत नाही."

"तुमाला माहीत न्हाई, का कुनालाच माहीत न्हाई?"

"कुणालाच नाही."

आबांनी खुर्चीत बसलेल्या बायकोकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या सुनेकडे. "आसं व्हय," म्हणाले, "मग आमाला माहितेय." आणि टोपी सारखी करून उठले.

मला वाटलं, म्हातारा समजूतदार आहे, पटलं त्याला. इतका आंधळा आत्मविश्वास फक्त डॉक्टरलाच असू शकतो.

लोणावळ्यात माझा दवाखाना आहे. मी फिजिशियन, म्हणजे कापाकापी न करता औषधांवर भागवणारी डॉक्टर. जवळच्या कुरवंडे गावच्या हौसाबाई त्या दिवशी सकाळी चूळ भरत होत्या तेव्हा पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात बघतात तर तोंड डावीकडे ओढलेलं आणि उजवा डोळा मिटेना. लकवा झाला, आता बाई अंथरुणाला खिळणार, असं धरून घरचे रिक्षा करून आले. आबा पुढे, हौसाबाई पदरानं तोंड झाकून मधे, आणि मागे सून मनीषा, कपडेसुद्धा न बदलता आलेली.

मी हौसाबाईंना म्हटलं, "कपाळाला आठ्या घाला." मेंदूत रक्ताची गुठळी झाली तर तोंड वाकडं होतं, पण आठ्या बहुधा दोन्ही बाजूंना पडतात. हौसाबाईंच्या उजव्या कपाळावर एकही आठी पडेना. हात, पाय ठणठणीत. जिभेचं तर विचारूच नका, रिक्षावाल्यानं खड्ड्यातून कशी आणली ते त्या मला सविस्तर सांगत होत्या. म्हणजे मेंदू शाबूत होता. कानामागून एक नस चेहऱ्याकडे येते, ती सुजली होती. याला फेशियल पाल्सी म्हणतात. पाल्सी म्हणजे नस लुळी पडणं. लवकर गोळ्या सुरू केल्या तर बहुतेकजण चांगले बरे होतात. मी गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना पापणीवर चिकटपट्टी लावायला सांगितली आणि चेहऱ्याचे व्यायाम सांगितले. गाल फुगवा, फुगा फुगवा, शिट्टी मारा.

"शिट्टी?" आबा दचकलेच. "ह्या वयात? गावात?"

"घरात मारू द्या."

"आन् कुनी ऐकलं म्हंजी?"

हौसाबाईंनी तिथल्या तिथे ओठ गोळा करून बघितले. नुसतं फुस्स झालं. त्यांच्या एका डोळ्यातून पाणी आलं, ते नस सुजल्यामुळे की रडू आल्यामुळे ते मला कळलं नाही. मी त्यांचा हात धरून सांगितलं, "बऱ्या होणार आहात, मावशी." त्यांचा जीव भांड्यात पडला. मग आबांनी कारण विचारलं, आणि मी ते वर सांगितलेलं उत्तर दिलं.

आता माझी एक खोड सांगायला हवी. मला पेशंटशी मराठीत बोलायचा सोस आहे. नुसतं मराठीत नाही, स्वच्छ, सरळ, घरच्या मराठीत. तळेगावच्या महिला मंडळात मी यावर व्याख्यानं दिलेली आहेत, टाळ्यासुद्धा घेतल्या आहेत. आमच्या धंद्यात 'आम्हाला माहीत नाही' हे न म्हणण्यासाठी भारी भारी शब्द ठेवलेले आहेत. ब्लड प्रेशर का वाढलं ते सापडलं नाही की 'एसेंशियल हायपरटेन्शन'. पोट का दुखतं ते सापडलं नाही की 'नॉन-स्पेसिफिक'. लिव्हर का बिघडलं ते कळलं नाही की 'क्रिप्टोजेनिक', म्हणजे उगम लपलेला. आणि या सगळ्यांचा राजा 'इडिओपॅथिक'. मूळ ग्रीक. इडिओस म्हणजे स्वतःचं, पॅथॉस म्हणजे दुखणं. आपलं आपणच उपजलेलं दुखणं. आमचे एक प्रोफेसर हा शब्द इतक्या गंभीर चेहऱ्यानं उच्चारायचे, की नातेवाईक हात जोडायचे. मला त्याची चीड यायची. मी ठरवलं होतं, आपण असली सोंगं करायची नाहीत. माहीत नाही तर 'माहीत नाही' म्हणायचं.

तर म्हटलं.

दोनेक दिवसांनी मनीषा एकटीच आली. चालत आली होती, घामाघूम. ही पोरगी एरवी औषधं न्यायला स्कूटीवरून भुर्रकन येणारी, म्हणून मी विचारलं, "गाडी कुठंय?"

"किल्ली आबांच्या खिशात आहे, मॅडम. तुम्ही बोललात त्यावरून."

"मी? मी स्कूटीचं नावसुद्धा काढलं नाही!"

"तेच तर."

मग तिनं सांगितलं. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाण्याची रीत आहे, आणि जो जात नाही त्याला पुढे प्रत्येक लग्नात ऐकवतात. पाहुणा बिस्किटांचा पुडा घेऊन येतो, चपला काढतो आणि टेकायच्या आधी विचारतो, "कशानं झालं?" काय झालं, बरं कधी वाटणार, हे नंतर. आधी कशानं. याला घरच्यांकडे उत्तर लागतं. नसलं तर पाहुणा आपलं देतो.

हौसाबाईंकडे पहिल्या संध्याकाळीच भावकी जमली. आबांनी सांगितलं, डॉक्टरबाई म्हणतात कारण माहीत नाही. यावर मनीषाच्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "माहीत न्हाई कसं? आदल्या दिशी कुटं गेलतीस, हौसे?" बाजारात गेलते. कशावर? सुनेच्या स्कूटीवर. कानाला बांधलंवतं का? न्हाई. "आगं मग वारं लागलं की! खिंडीतलं वारं कानात गेलं, आन् बसलं."

"आणि मी तिथंच उभी, चहाचा ट्रे घेऊन," मनीषा म्हणाली. "त्यानंतर जो येईल त्याला हेच सांगतात. सुनेनं स्कूटीवर नेलं, तोंड वाकडं झालं. काल तर एकजण म्हणाले, सुनेनं मुद्दाम जोरात चालवली असंल."

मनीषा एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर नोकरीला होती. नोकरी नवी, अजून पक्की व्हायची होती. सकाळच्या शिफ्टला कुरवंड्याहून वेळेवर पोचायला स्कूटीशिवाय उपाय नव्हता. मॅनेजरनं निरोप पाठवला होता, सोमवारी आली नाहीस तर पुन्हा येऊ नकोस.

"नवरा काय म्हणतो?"

"ते चाकणला कंपनीत. म्हणतात, आईचं तोंड सरळ होऊ दे, मग बघू."

मला संताप आला. "मी येते घरी! सांगते त्यांना, वाऱ्याचा आणि स्कूटीचा काडीचाही संबंध नाही."

"आबा विचारतील, कारण माहीत नाही म्हणता, मग स्कूटी नाही हे कशावरून?"

इतके बिनतोड प्रश्न मला परीक्षेतसुद्धा कुणी विचारले नव्हते.

मनीषानं टेबलावरचं औषधाचं खोकं उचलून त्यावरचं नाव वाचलं. मग म्हणाली, "मॅडम, याला इंग्रजीत काही नाव नाही का? कारण माहीत नाही, याला?"

"आहे ना. इडिओपॅथिक."

"म्हणजे काय?"

"कारण माहीत नाही."

ती खळखळून हसली. "अहो मग तेच सांगा ना! मराठीत कशाला सांगत बसलात?"

मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. टाळ्या घेतलेली व्याख्यानं डोळ्यांपुढून गेली. मी म्हटलं, ही फसवणूक होईल. ती म्हणाली, "यात खोटं काय आहे? पुस्तकात तसंच लिहिलंय ना?" पुस्तकात तसंच लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, शनिवारी सगळ्यांना घेऊन ये. ज्यांनी वारं शोधून काढलं त्या मावशींनाही आण.

शनिवारी सगळे आले. आबा, हौसाबाई, चुलत सासूबाई, आणि दाराशी मनीषा. हौसाबाईंचा डोळा थोडा मिटायला लागला होता. मी मात्र स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला, ज्याची काही गरज नव्हती. कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक काढलं, त्याचीही नव्हती. चष्मा लावला. मग आमच्या प्रोफेसरांचा चेहरा आठवून तो स्वतःच्या चेहऱ्यावर चढवला आणि म्हटलं, "आबा, निदान पक्कं झालंय. यांना झालंय ते इडिओपॅथिक फेशियल पाल्सी."

आबांनी कानावरून टोपी वर सरकवली.

"पुन्यांदा म्हना," आबा म्हणाले.

"इडिओपॅथिक."

"हे लय मोटं हाय का?"

"नाव मोठं आहे. दुखणं बरं होणारं आहे."

हौसाबाई खुर्चीत ताठ बसल्या. आठवडाभर सुनेच्या गाडीवरून गारठून आलेली बाई होत्या, आता जाड पुस्तकातलं दुखणं सोसणारी बाई झाल्या. पदर तोंडावरून खाली आला.

चुलत सासूबाई इतक्यात हार मानणाऱ्या नव्हत्या. "पर मॅडम, कानाला वारं लागलंवतं त्याचं काय? स्कूटीवरचं?"

"इडिओपॅथिकमध्ये स्कूटी येत नाही, मावशी. वाऱ्यानं झालंय असं दिसलं असतं, तर त्याला इडिओपॅथिक म्हटलंच नसतं."

माझं हे वाक्य अक्षरशः खरं होतं. कुठल्याही मेडिकल कॉलेजात म्हणून दाखवावं. आणि तरीही ते म्हणताना मला भर दुपारी चोरी करतेय असं वाटत होतं.

मावशींनी ओठ हलवून शब्द दोनदा घोळवला. उद्या चार घरी सांगायचा तर नीट यायला हवा. आबांनी पुस्तकाच्या जाडीवरून एकदा बोट फिरवलं. मग सदऱ्याच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि सुनेकडे न बघताच हात मागे केला. "धर," म्हणाले. "सोमवारी कामाव जायचं का न्हाई?"

मनीषानं किल्ली घेतली. तिचे डोळे भरून आले होते, पण हसू आवरत होती की रडू, देव जाणे. माझा चेहरा मी पुस्तकात घातला.

मनीषाची नोकरी टिकली आणि पुढे पक्कीही झाली. हौसाबाईंचं तोंड हळूहळू सरळ झालं. मला वाटलं, विषय संपला. छे! माझे भोग आता सुरू झाले. कुरवंड्याहून येणारा प्रत्येक माणूस मला विचारायला लागला, आमचं इडिओपॅथिक आहे का? एका गृहस्थांच्या गुडघ्याची झीज मी त्यांना एक्स-रेवर बोट ठेवून दाखवली, तर ते हिरमुसले. "म्हंजी साधंच हाय," म्हणाले. एका बाईंनी सांगितलं, म्हैस दूध देईना, जनावरांचे डॉक्टर म्हणतात कारण सापडत नाही. मी कपाळाला हात लावला, कारण इडिओपॅथिक हा शब्द पहिल्यांदाच अगदी बरोबर बसत होता आणि नेमका तेव्हाच तो त्यांना सुचला नव्हता.

शेवटच्या तपासणीला हौसाबाई आल्या त्या स्कूटीवर, मनीषाच्या मागे बसून. केबिनमध्ये शिरल्या त्या शिट्टी वाजवतच. चांगली खणखणीत. बाहेर बसलेले पेशंट माना वळवून बघायला लागले.

मी आठ्या घालायला सांगितल्या. दोन्हीकडे पडल्या. डोळा घट्ट मिटला. मी म्हटलं, "मावशी, आता औषध बंद. छान बऱ्या झालात."

"व्हय," त्या म्हणाल्या. मग मनीषा बाहेर गाडी वळवायला गेली आहे याची खात्री करून खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, त्या शब्दाचा अर्थ मला ठावं हाय बरं का. मनीषानं सांगितला."

मी पेन खाली ठेवलं. "कधी?"

"त्याच शनवारी, घरी जाऊन."

"मग तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"का म्हून बोलू? तुमी मराठीत बोलला तवा समद्या भावकीला वाटलं, डाक्टरला ठावं न्हाई तर आपल्याला हाय. रोज येक नवी येत व्हती, माज्या पोरीला बोल लावत व्हती, आन् मला तर नीट तोंड हलवून भांडताबी येईना. तुमी ते विंग्रजी बोलला आन् समद्या गपगार झाल्या." मग जरा लाजून म्हणाल्या, "आन् गाडीवर बाजारला जायला मला लय आवडतंय. रिक्षाची वाट कोन बघंल?"

मला इतकं हसू आलं की पुढचा पेशंट डोकावून गेला. तेव्हापासून मी पेशंटला कारण माहीत नसल्याचं मराठीतच सांगते. सोस सुटत नाही. पण सांगून झालं की घरी भेटायला येणाऱ्यांसाठी इंग्रजीतही एकदा म्हणून देते.

हौसाबाई उठल्या. दाराशी थांबून पिशवीतून लोकरीचा मफलर काढला. बाहेर रणरणतं ऊन होतं. त्यांनी तो दोन्ही कानांवरून घेऊन हनुवटीखाली घट्ट गाठ मारली.

"मावशी, हे कशाला? आत्ताच म्हणालात ना, सगळं कळलंय?"

"कळलंय की," त्या म्हणाल्या. "इडिओपॅथिक आपल्या जागी, मॅडम. वारं आपल्या जागी."