लायडनमध्ये माणसाची माती

माझे बाबा गुरुवारी चिंचवडला परतणार होते आणि तीन महिने एका घरात राहूनही रेवाशी त्यांचं धड बोलणं झालेलं नव्हतं. रेवा, माझी नऊ वर्षांची लेक, इथे नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनलाच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. मागच्या गणपतीत एक मावशी तिच्या मराठीला खो खो हसल्या, तेव्हापासून तर तोंडाला कुलूपच. ती बोलणार, मी भाषांतर करणार, बाबा मान डोलावणार. वैताग नुसता!

सोमवारी रेवाला वर्गापुढे बोलायचं होतं. विषय, ग्रीकांच्या मते जग आणि माणूस कसा झाला. म्हटलं, चला लायडनला, तिथल्या म्युझियममध्ये ग्रीकांच्या खऱ्याखुऱ्या वस्तूच बघू.

शनिवारी बसने आइंडहोवन, तिथून ट्रेन, द हेगला गाडी बदलायची. दोन तास धरा, आणि मुलांची सवलतीची तिकिटं आधीच काढा. तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर होत्या, तरी कालव्याकाठच्या शनिवारच्या बाजारात गरम स्ट्रोपवाफल खाल्लेच. तुम्हीही खा. बाबांनी त्यातला पाक हनुवटीवर घेतला आणि "आपल्या गुळपोळीचा मावसभाऊ दिसतोय" असा निकाल दिला.

म्युझियमच्या दारातच इजिप्तहून आणलेलं अख्खं दगडी देऊळ उभं आहे. बाबा सवयीने बूट काढायला वाकले. गार्ड धावत आला, मी त्याला समजावलं, आणि रेवा लाजून चार पावलं पुढे निघून गेली. दिवस वाया जाणार असं मला वाटायला लागलं.

ग्रीक दालनात काळ्या-तांबड्या सुरया बघून बाबा बाकावर टेकले. "रेवा, ते सोमवारचं मला सांग की. मला मराठीच नीट कळतं."

"आय कान्ट," रेवा माझ्याकडे बघत म्हणाली. मी मुद्दाम एका सुरईकडे निरखून बघत बसले.

तिथून दुसऱ्या सुरईकडे सरकले. मग मागून बारीक आवाज आला, "सगळ्यात आधी पसारा होता."

ग्रीकांच्या केऑसला, म्हणजे सृष्टीआधीच्या गोंधळाला, पसारा! रोज तिच्या खोलीच्या दारात उभी राहून मी ओरडते, तोच शब्द.

"मग आवरला कोणी?" बाबांनी विचारलं.

"कोणीच नाही. त्यातून गाया आली. म्हणजे जमीन. मग तिने आकाश केलं. मग खूप भांडणं. मग प्रॉमेथियसने माणसाची माती केली."

मला हसू फुटणारच होतं. गाल चावून धरला. आत्ता कोणी हसलं असतं, तर पोरगी पुन्हा मराठीच्या वाटेला गेली नसती. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "ते नंतर झालं असेल. आधी मातीचा माणूस केला असेल ना?"

रेवा त्यांच्याकडे वळली. "हो. मातीचा माणूस. मग अथीना देवीने फुंकर मारली, आणि तो जिवंत."

"म्हणजे प्राणप्रतिष्ठाच की! आपण शाडूच्या गणपतीची करतो तशी."

ती कशी करतात, हे तिला जाणून घ्यायचं होतं. बाबा सांगत सुटले, ती मध्येमध्ये अडवत होती, चुकत होती, पुढे जात होती. परतीच्या गाडीत 'माती करणे'चा अर्थ तिने स्वतःच विचारला आणि कळल्यावर इतकी हसली की समोरच्या डच आजीही हसायला लागल्या. द हेग ते आइंडहोवन मला कोणी काही विचारलं नाही. मी निवांत पुऱ्या संपवल्या.

सोमवारी वर्गात ती छान बोलली म्हणे, डचमध्ये. गुरुवारी बाबा गेले. लायडनला काय बघितलं असं कोणी विचारलं तर मला चार सुरयाही नीट आठवत नाहीत, पण जा तुम्ही, घरातली म्हातारी माणसं घेऊन जा.

काल रविवारी बाबांचा फोन आला. एरवी "हाय, बाय" करून रेवा तो माझ्या हातात कोंबते. काल ती फोन घेऊन खोलीत गेली आणि दार लोटता लोटता मला म्हणाली, "आई, तू बाहेर थांब. आमचं बोलणं चाललंय."

थांबले. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.